अंबुजाक्का आणि पैलवानांची हृदयं

अंबुजाक्कांचं माझ्याबद्दलचं पहिलं मत माझ्या मराठीवरून झालं. लग्न होऊन मी बंगळुरास आले होते, एका मोठ्या हॉस्पिटलात हृदयरोग विभागात जागा मिळाली होती, आणि पहिल्याच सकाळी विभागप्रमुख डॉ. अंबुजा राव यांच्यापुढे उभी होते. टेबलामागे ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पन्नाशीतली बाई. पांढऱ्या कोटाच्या खिशातून भाजक्या शेंगा काढून फोडत होती. मी नाव, गाव, शिक्षण सगळं व्यवस्थित सांगितलं.

"तुझी मराठी इस्त्री केलेली आहे गे," त्या म्हणाल्या. "बसताना जपून बस. चुरगळेल."

मी साताऱ्याची. पण तुंगभद्रेपलीकडचं सगळं त्यांच्या लेखी पुणं, त्यामुळे माझं नाव त्या दिवसापासून पुणेबाई पडलं. त्यांचं स्वतःचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं. "परत फिरायचा हुकूम अजून यायचाय," त्या सांगत. "तोवर चामराजपेटेत घर बांधून राहिलोय." घरात मराठी, दारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी, आणि रागावल्या की तिन्ही एका वाक्यात. लहानमोठे सगळे त्यांना अक्का म्हणत. सुपरिंटेंडेंट तेवढे मॅडम म्हणत, आणि त्याची शिक्षा म्हणून शेंगांची टरफलं त्यांच्या कोटाच्या खिशात जात. कोट खुंटीवर असताना हे काम उरकण्यात अक्कांचा हात फार सफाईचा होता. सुपरिंटेंडेंटांचा संशय बरीच वर्षं शिपायावर राहिला. शिपाई काही बोलत नसे, कारण त्यालाही शेंगा मिळत.

छाती तपासताना त्या डोळे मिटून घेत. सगळं ठीक असलं की पेशंटला सांगत, "आत सगळे घरी आहेत." काही बिघाड असला तर, "आत कुणीतरी स्वल्प रुसलंय. समजूत काढूया." मी आल्यावर थोड्याच दिवसांत रंगप्पा नावाचा एक पैलवान रडत आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला. सहा फूट उंच, मानेची जाडी माझ्या कमरेएवढी. पोलिसात भरती व्हायला गेला होता, तिथे एक्स-रे काढला आणि हृदय प्रमाणाबाहेर मोठं म्हणून त्याला अपात्र ठरवलं. आपण आता मरणार अशी त्याची समजूत झाली होती. अक्कांनी त्याची छाती बराच वेळ ऐकली.

"आत सगळे घरी आहेत," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "घर तेवढं मोठं आहे."

पोलिसांना काही हे पटलं नाही. अक्कांना चिठ्ठी लिहून पाठवण्यापलीकडे काही करता आलं नाही, आणि ते त्यांच्या मनाला लागलं. पुस्तकं उघडून बसल्या. पुस्तकं म्हणत होती, मोठं हृदय म्हणजे आजारी हृदय. "या माणसांनी आजारी सोडून कुणाची छाती ऐकलीय का?" त्या म्हणाल्या. "पैलवान यांच्याकडे गेलाच नसेल. तो कशाला जाईल?" तिथून त्यांचं संशोधन सुरू झालं. धडधाकट पैलवानांची हृदयं तपासायची, वर्षानुवर्षं तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासायची, आणि शेजारी कचेरीत बसणाऱ्या कारकुनांची ठेवून बघायची.

अडचण अशी की पैलवान हॉस्पिटलात येईनात आणि तालमीत बायकांना मज्जाव. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, रंगप्पाच्या तालमीचे वस्ताद नंजप्पा हात जोडून म्हणाले, "डॉक्टरम्मा, हनुमंताची जागा आहे. बाईमाणूस उंबरा ओलांडत नाही."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "मी नाही ओलांडत. वायरी ओलांडतील."

आणि तसंच झालं. त्या वेळचं ईसीजीचं यंत्र म्हणजे एक जड लाकडी पेटी. ती घेऊन अक्का उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसत, पैलवान आत सतरंजीवर दाराकडे पाय करून झोपे, आणि वायरी उंबऱ्यावरून आत जात. त्याच्या हातापायांना पट्ट्या बांधायचं काम वस्तादांना शिकवलं होतं. अंगाला तेल असल्यामुळे पट्ट्या घसरायच्या. वीज शेजारच्या पिठाच्या गिरणीतून घेतलेली. गिरणी चालू असली की आलेखाची रेघ थरथरायची, म्हणून तेवढा वेळ गिरणी बंद. डबे घेऊन बसलेल्या बायका वैतागल्या, तेव्हा अक्कांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं की हे यंत्र कुठल्या पैलवानाचं हृदय मऊ आहे ते दाखवतं. दुसऱ्या खेपेपासून ज्यांच्या घरात लग्नाच्या मुली होत्या त्या बायका गिरणी बंद पडायची वाट बघू लागल्या.

पुढे एका पावसाळ्यात छत्री धरून उंबऱ्याबाहेर भिजत बसलेल्या अक्का नंजप्पांना बघवेनात. ते म्हणाले, "आत या, डॉक्टरम्मा. तुम्हाला आम्ही बाई समजत नाही."

"पुणेबाई," अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू मात्र बाहेरच थांब. तुझ्याबद्दल यांची खात्री झालेली नाही."

चार वर्षं हे चाललं होतं. शिवाजीनगरच्या बाजूला करीमसाब वस्तादांची दुसरी तालीम होती, तिथेही अक्का जात. या दोन तालमींचं हाडवैर. नंजप्पांचा रंगप्पा आणि करीमसाबांचा इब्राहीम यांची कुस्ती येत्या दसऱ्याला ठरलेली, आणि तोवर या बाजूचा माणूस त्या बाजूच्या हॉटेलात चहासुद्धा पीत नसे. दोन्हीकडे मोकळेपणाने फिरणाऱ्या एकट्या अक्का. तपासणी संपत आली होती, वर्षअखेर एका मोठ्या परिषदेत त्यांना निबंध वाचायचा होता.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मद्रासकडून फ्लू आला.

सुरुवातीला वर्तमानपत्रात होता, मग रेल्वे कॉलनीत, मग आमच्या दारात. वॉर्ड भरले, व्हरांडे भरले. नर्सा आजारी, वॉर्डबॉय आजारी. सुपरिंटेंडेंटांनी हुकूम काढला की संशोधनाची सगळी कामं आजपासून बंद, आणि सगळे तज्ज्ञ तापाच्या वॉर्डात. आमची खोली गेली, टंकलेखक गेला, ईसीजीचं यंत्र तापाच्या वॉर्डात गेलं. त्वचारोगाच्या डॉक्टरांचे कोडाचे रुग्ण दर आठवड्याला यायचे, ते भीतीने यायचे थांबले, आणि त्यांची तीन वर्षांची निरीक्षणं मध्येच लोंबकळत राहिली. पॅथॉलॉजीतल्या गिनीपिगांना गवत घालायला माणूस उरला नाही, तेव्हा ती पिंजऱ्यांसकट अक्कांच्या घरी आली आणि व्हरांड्यात राहू लागली. अक्कांच्या आईने त्यांना उंदीर समजून आधी खूप आरडाओरडा केला, आणि मग रोज कोथिंबीर घालायला सुरुवात केली. साथ संपल्यावर ती इतकी गुबगुबीत झाली होती की पॅथॉलॉजीवाल्यांना प्रयोगासाठी निरुपयोगी वाटली.

तापाच्या वॉर्डात त्या दिवसांत एवढी विद्वत्ता जमली होती की पेशंट घाबरत. वर्षानुवर्षं एकेका अवयवात रमलेले लोक. त्वचेचे डॉक्टर तापकऱ्याची पाठ न्याहाळत बसत. हाडांचे डॉक्टर सवयीने सगळ्यांना हात वर करायला सांगत. पहिल्या सकाळी अक्कांनी सगळ्यांना एका कोपऱ्यात गोळा केलं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "ताप म्हणजे आपण कॉलेजात शिकलो होतो तो. आठवत नसेल तर नर्सला विचारा. फक्त आठवत नाही हे तिला कळू देऊ नका."

माणसं कमी पडली तेव्हा अक्कांनी नंजप्पांना निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे पैलवान हजर. स्ट्रेचर लागतच नसे. रंगप्पा पेशंटला लहान मुलासारखा दोन हातांवर घेऊन जिना चढे. कांजीची पातेली एकेकाने उचलून आणली. एक जाडजूड सावकार घरी जायची वेळ आली तरी उठेनात, कारण एवढ्या मायेने त्यांना कुणी उचललं नव्हतं. आठवडाभर अक्का खुशीत होत्या. मग पैलवान एकेक करून आडवे झाले. व्हायचेच होते. शिवाजीनगरची तालीमही झोपली, आणि कारकून तर आधीच झोपले होते.

केंपय्या त्यांतलाच एक. दुधाचा धंदा, तालमीत रोज जाणारा, हसरा तरुण. ताप उतरला म्हणून त्याला घरी सोडलं. दोनच दिवसांनी दुधाने भरलेली कॅन खांद्यावर घेताना तो गोठ्यातच कोसळला. हॉस्पिटलात आणला तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

अक्का त्या दिवशी शेंगा न खाता बसून राहिल्या. संध्याकाळी मी विचारलं, "फ्लूनेच झालं असेल का, अक्का?"

"माहीत नाही."

"पुस्तकात?"

"दोन ओळी आहेत. तापानंतर विश्रांती द्यावी. किती, कुणाला, ते नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तपासलेल्या सगळ्यांना ताप येऊन गेला गे. आता कुणाचा आलेख वेगळा दिसला तर तो कुस्तीने की फ्लूने, कसं सांगू? माझी चार वर्षं तापली." आणि मग, "पण केंपय्याला मी सांगायला हवं होतं, कॅन उचलू नको म्हणून. मलाच ठाऊक नव्हतं."

मी त्यांना रडताना पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की दोन्ही तालमींमधल्या एकूण एक माणसाचं हृदय पुन्हा तपासायचं, तेही ताबडतोब, कारण ताप उतरला की पैलवान सरळ आखाड्यात उतरत होते. अडचण यंत्राची. ते आता वॉर्डातून सुपरिंटेंडेंटांच्या कपाटात गेलं होतं, आणि संशोधनाला बंदी कायम होती.

अक्का त्यांच्या खोलीत गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"सर, हे यंत्र इथे? तापाच्या पेशंटांच्या छातीवर होतं ते."

सुपरिंटेंडेंटांनी आपली खुर्ची हळूच लांब ओढली. "मग काय करायला पाहिजे?"

"ऊन दाखवायला पाहिजे. चांगलं दोन-तीन आठवडे. मोकळ्या हवेत."

यंत्र आमच्याआधी खाली पोचलं. जटक्यात, म्हणजे इकडच्या टांग्यात, ठेवून आम्ही ते रोज ऊन दाखवायला नेत असू, एक दिवस नंजप्पांकडे, एक दिवस करीमसाबांकडे. बहुतेकांचं ठीक होतं. काहींचं स्वल्प रुसलेलं. रंगप्पाचा आलेख यंत्रातून बाहेर आला आणि अक्का तो हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. चार वर्षांत या माणसाचा आलेख असा कधीच आला नव्हता. ज्याचे आधीचे आलेख नाहीत अशा कुणाचा असता तर आम्ही कदाचित सोडूनही दिला असता.

"याने दसऱ्याला लढायचं नाही," त्यांनी नंजप्पांना सांगितलं. "निदान संक्रांतीपर्यंत."

नंजप्पा चिडले. "कुस्ती ठरलेली आहे. आम्ही माघार घेतली तर करीमसाब शिवाजीनगरात मिठाई वाटेल. डॉक्टरम्मा, तुम्हाला खात्री आहे?"

"नाही," अक्का म्हणाल्या. हे मात्र त्या खरं बोलल्या. "खात्री नाही. भीती आहे."

"भीतीवर वस्ताद चालत नाही."

रंगप्पा बाजूला उभा होता. त्याला बरं वाटत होतं, भूक लागत होती. तो म्हणाला, "मोठ्या हृदयाचं तुम्हीच सांगितलंत ना, की आत सगळे घरी आहेत?" अक्कांनी आलेखाची घडी घालून ती कोटाच्या खिशात ठेवली.

परत येताना जटक्यात त्या घोडेवाल्याला म्हणाल्या, "शिवाजीनगरला घे."

करीमसाब ओसरीवर खाटेवर बसले होते. आत इब्राहीम पडलेला. त्याचं हृदय ठणठणीत होतं, पण तापाने पाय असे गेले होते की उठताना भिंत धरावी लागे. करीमसाब ते कुणाला दिसू देत नव्हते. अक्कांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग आवाज खाली आणून आपल्या दख्खनीत म्हणाल्या, "एक बात है. नंजप्पांनी मला पाठवलंय. त्यांचं म्हणणं, दसऱ्याची कुस्ती पुढे जावी. पण ते स्वतः तोंडाने मागणार नाहीत. तुम्ही मोठ्या मनाचे, तुम्ही त्यांची अब्रू राखाल असं त्यांना वाटतं."

करीमसाबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला नजर फिरवावी लागली. "उनकू बोलो," ते म्हणाले, "करीम गिरे हुए को नहीं मारता. किसीकू नहीं बोलेंगे."

दुसऱ्या दिवशी अक्का पेटेत नंजप्पांच्या समोर बसल्या आणि करीमसाबांच्या नावाने तेच सगळं कन्नडमध्ये म्हणाल्या. नंजप्पा उठून उभे राहिले, हनुमंताला नमस्कार केला. "बिचारे," ते म्हणाले. "शेवटी माझ्याकडेच यावं लागलं. सांगा त्यांना, संक्रांतीनंतर बघू. आणि हे इथेच राहील."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अक्का, हे दोघं कधी एकमेकांशी बोलले तर?"

"तीस वर्षांत बोलले नाहीत. आता काय बोलतात?"

रंगप्पा ती सगळी थंडी घरी बसला. सुरुवातीला चिडून, मग सवयीने. अक्का दर आठवड्याला जात. संक्रांतीच्या सुमाराला त्याचा आलेख पुन्हा पूर्वीसारखा आला, आणि त्या दिवशी त्यांनी वाटेत थांबून दोन शेर शेंगा घेतल्या.

कुस्ती झाली. किल्ल्याजवळच्या मैदानात बंगळूर लोटलं होतं. अक्का आणि मी पुढच्या रांगेत, हजारो पुरुषांत दोनच बायका. रंगप्पा चांगला लढला आणि हरला. इब्राहीमने त्याला असा आपटला की धूळ आमच्यापर्यंत आली. अक्का उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. तो उठला, अंगावरची माती झटकली, इब्राहीमच्या गळ्यात हात टाकला आणि हसला, तेव्हा त्या खाली बसल्या.

मग दोन्ही वस्ताद एकमेकांना भेटायला पुढे आले. रिवाजच होता तो. करीमसाबांनी नंजप्पांना मिठीत घेतलं आणि मोठेपणाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. नंजप्पा ताठ झाले. त्यांनी करीमसाबांच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघं एकमेकांपासून दूर झाले, आणि मग दोघांची तोंडं एकाच वेळी आमच्याकडे वळली.

अक्का छत्री उघडत होत्या. ऊन नव्हतं. "पुणेबाई," त्या म्हणाल्या, "जटका बघ गे. पळत जा."

पुढे दोघंही त्यांच्याशी दोन महिने बोलले नाहीत. एकमेकांशी मात्र बोलू लागले, कारण अक्कांना शिव्या द्यायला दुसरं कुणी बरोबरीचं सापडेना.

परिषदेतला निबंध अक्कांनी वर्षभर पुढे ढकलला होता. शेवटी त्यांनी वाचला तो वेगळाच. फ्लूनंतर काही धडधाकट माणसांची हृदयं काही काळ कशी दमतात आणि त्यांना जड काम किती दिवस देऊ नये, एवढंच त्यात होतं. पहिल्या रांगेतले एक मोठे डॉक्टर उठून म्हणाले की तुमचं मूळ संशोधन साथीने नासलं, हे मान्य करा. अक्कांनी लगेच मान्य केलं. "नासलं, सर," त्या म्हणाल्या. "दूध नासलं, पनीर खाल्लं. पण दूध गेलं ते गेलंच." पैलवानांची मोठी हृदयं निरोगी असतात हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. पुन्हा चार वर्षं द्यायला त्यांनी सुरुवातही केली होती, पण तालमी ओस पडत चालल्या आणि त्यांची निवृत्ती आली. नंतर परदेशातल्या एका मासिकात तशाच अर्थाचं काही छापून आलं. मी ते घेऊन धावत गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "बरंय," त्या म्हणाल्या. "यांना गिरणी बंद करावी लागली नसणार." आणि मासिक मिटून माझ्या हातात दिलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते देवनहळ्ळीत. यजमानांची बदली झाली, आम्ही बंगळूर सोडणार होतो. अक्का तेव्हा तिकडे पुतण्याच्या मळ्यात राहायला गेल्या होत्या. दिवसभर राहिले. खूप वाळल्या होत्या, जिन्याच्या पायरीवर थांबत. निरोप द्यायला बसथांब्यावर आल्या तेव्हा मी त्यांचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"मोजलीस?" त्या म्हणाल्या.

"नियमित नाही, अक्का. दाखवायला हवं कुणाला तरी."

"माझ्यात नियमित काय होतं गे कधी? बस पकड."

बस उभी होती, पण ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात कॉफी पीत गप्पा मारत होता. आम्ही बराच वेळ थांबलो. मी चढून खिडकीशी बसले. खाली अक्कांच्या शेजारी सोवळंओवळं पाळणारे वाटावेत असे एक वयस्क गृहस्थ हातात छत्री घेऊन उभे होते, बहुधा गावचे पोस्टमास्तर. ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर रबरी फुग्याचा भोंगा होता. अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं, टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी तो फुगा आवळला आणि आवळतच राहिल्या.

हॉटेलातून ड्रायव्हर धोतर सावरत धावत आला. कुणी वाजवला म्हणून ओरडला. अक्का तोवर पदर नीट करून उभ्या होत्या. मोठ्या खेदाने त्यांनी पोस्टमास्तरांकडे बोट दाखवलं.

बस सुटली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा पोस्टमास्तर छत्री हलवून काहीतरी समजावून सांगत होते आणि अक्का मान हलवत त्यांचं सगळं ऐकून घेत होत्या.